राणीछाप रुपयाची डबी

पाऊस गेला की नाशिकची हवा चार दिवस गोंधळते. सकाळी शाल घ्यावीशी वाटते आणि अकरा वाजता तीच शाल कुठे फेकू असं होतं. वणीच्या रस्त्याला द्राक्षबागांची छाटणी सुरू होते, कापलेल्या काड्यांचा तुरट वास थेट शहराच्या कडेपर्यंत येतो, आणि घरोघरी कपाटं उघडतात. गाद्या गच्चीवर, लोकरीचे कपडे दोरीवर, डाळी-तांदूळ परातीत. आमच्या घरात यात आणखी एक भर असते. माझे सासरे त्यांची नाणी हवेला काढतात. उन्हाला नाही हं, हवेला. हा फरक मला लग्नानंतरच्या पहिल्याच ऑक्टोबरात कडक शब्दांत समजावण्यात आला होता.

आत्ता मी हे लिहितेय तेव्हा बाबा वरच्या खोलीत तेच करतायत. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, टेबलावर जुनं धोतर अंथरलेलं, हातात पांढरे सुती मोजे. प्लास्टिकच्या डब्या एकमेकींना लागू नयेत म्हणून ते त्या इतक्या हळू ठेवतात, की खाली मला एकही आवाज येत नाही. आणि आवाज येत नाही म्हणूनच माझं लक्ष वर लागून राहतं. एका ऑक्टोबरात वरून एक आवाज आला होता, त्याचा धसका अजून गेलेला नाही.

बाबा एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात होते. नोकरी संपेपर्यंत तिथल्या वसाहतीत राहिले, आणि तिथून त्यांना झाकण लावायची सवय लागली. सकाळी गच्चीवर बोट फिरवलं की राख लागायची म्हणे, म्हणून पाण्यावर झाकण, रेडिओवर झाकण, सायकलच्या सीटलाही पिशवी. मग नाण्यांचा नाद लागला, तर त्यांनाही एकेक डबी आली. कडक, पारदर्शक, चौकोनी, मध्ये नाण्यापुरती गोल खाच. बाबा तिला होल्डर म्हणतात. सासूबाई, म्हणजे आई, शेवटपर्यंत डबीच म्हणत राहिल्या, आणि तेही बाबांना ऐकू जाईल अशा बेताने.

नाण्यांचे नियम सोपे होते. कडेला धरायचं, चेहऱ्याला बोट लावायचं नाही, धुवायचं नाही, घासायचं नाही. सगळ्यात मोठा गुन्हा तुपाचा हात. स्वयंपाकघरातून कुणी वर गेलं की बाबा आधी हात बघत. "तुपाचे हात असतील तर दाराशीच थांब," हे वाक्य या घरात मी जितकं ऐकलंय तितकी आरतीही ऐकलेली नाही.

आणि अशा माणसाच्या घरात दरवर्षी लक्ष्मीपूजन येणार. ताटात चांदीची नाणी घ्यायची, त्यांना पंचामृताची आंघोळ घालायची, हळद-कुंकू वाहायचं. आईंच्या माहेरी, वणीजवळच्या गावात, हे असंच चालत आलेलं. "पारोशा लक्ष्मीची पूजा करतात का कुठं?" आई विचारायच्या. "तुझ्या एका आंघोळीत नाण्याची शंभर वर्षांची कळा जाते," बाबा म्हणायचे. यावर दोघं अख्खा दिवस बोलायची नाहीत आणि फराळाचं ताट मात्र मध्ये असायचं.

शेवटी तह झाला. बाबांची नाणी कपाटात सुरक्षित राहतील, आणि पूजेला आईंचा एकच राणीछाप रुपया बसेल. तो त्यांच्या आईने लग्नात ओटीत घातलेला. नाणीवाल्यांच्या लेखी त्याला काही किंमत नाही, असे ढिगाने मिळतात. आई त्याला दूध, दही, तूप, मध, साखर सगळं यथासांग करायच्या आणि मग राणीच्या कपाळावर अनामिका टेकवून कुंकू लावायच्या. बाबा तेवढ्यापुरतं तोंड फिरवून बसत.

"एवढी मोठी राणी, आणि कपाळ भुंडं," आई म्हणायच्या. "बरं दिसत नाय." मग माझ्याकडे बघायच्या. मी टिकली लावली तर लावली, नाही तर नाही, अशातली. ते वाक्य राणीसाठी होतं की माझ्यासाठी, हे कळायला मला फार हुशारी लागली नाही. मीही कमी नव्हते. "आई, राणीला विचारलंत का?" म्हणायचे. त्या हसायच्या आणि बोट पुसायला माझाच पदर ओढायच्या.

त्या बोटाबद्दल सांगायला हवं. आई नव्या नवरी असताना, देवळ्याहून पाहुणे आलेले, कांदे चिरताना विळी लागली आणि अनामिकेच्या पेरावर आडवा खोल काप गेला. तो भरला, पण रेघ राहिली. त्यामुळे आईंनी कुंकू लावलं की त्या ठिपक्याच्या मधोमध एक केसाएवढी कोरी रेघ यायची. देवांना, दाराला, सुनांना, नव्या फ्रिजला, सगळ्यांना त्यांचं कुंकू तसंच. लग्नाच्या फोटोत माझ्याही कपाळावर ती रेघ आहे.

एका दिवाळीत भाऊबीजेला त्या आजारी पडल्या आणि थंडी नीट पडायच्या आत गेल्या. पूजेतला रुपया पुसायचा राहूनच गेला होता. त्यांच्या देवघरातल्या डब्यात बाबांना तो सापडला, कुंकवासकट. मी दाराशी होते. मला वाटलं आता पुसतील. बाबांनी मोजे घातले, नवीन होल्डर काढला, नाणं श्वास रोखून खाचेत ठेवलं आणि झाकण दाबलं. मग चारही कडा पक्क्या चिकटवल्या, पुन्हा कधी उघडायचीच नाही अशा. ज्या कुंकवावरून त्यांनी आयुष्यभर कटकट केली, ते त्यांनी आपल्या सगळ्या संग्रहात सगळ्यात जपून बंद केलं. मी खाली येऊन कणीक मळायला घेतली आणि पाणी जास्त घातलं.

त्यानंतर दर ऑक्टोबरात इतर नाणी हवेला निघायची, राणीछाप तेवढा निघायचा नाही. ती डबी बाबा नुसती हातात घेऊन खिडकीशी बसायचे. प्लास्टिकमधून तो लाल ठिपका दिसायचा आणि त्यातली रेघ. लक्ष्मीपूजनाला डबीच पाटावर बसायची. मी कुंकू वरच्या प्लास्टिकला लावायचे आणि पाडव्याला पुसून टाकायचे.

मग तो ऑक्टोबर आला. नवरात्र तोंडावर होतं, कोपऱ्यावरच्या मंडळाने स्पीकर तपासायला घेतला होता आणि दुपारभर तेच गाणं अर्ध्यात बंद पडत होतं. त्या मधल्या शांततेत वरून टक्‌ असा आवाज आला. मी ओरडून विचारलं, बाबा म्हणाले, "काही नाही." बाबांचा उजवा हात त्या पावसाळ्यापासून थरथरायला लागला होता आणि त्याबद्दल बोलायची आम्हाला परवानगी नव्हती. मी वर गेले नाही.

नवरात्र संपता संपता ते माझ्या दुकानात आले. माझं जेलरोडला चष्म्याचं दुकान आहे. बाबा सहसा येत नाहीत, आणि त्या दिवशी तर भर गर्दीत, बाकावर गिऱ्हाइकांच्या रांगेत बसून राहिले. सगळे गेल्यावर रुमालात गुंडाळलेली डबी त्यांनी काउंटरवर ठेवली. "हे जरा पुसून दे. तुमच्याकडे काचा घासतात ना."

डबी पांढरी झाली होती. पार, दुधाची साय धरावी तशी. आत नाणं आहे एवढंच कळत होतं. एका कोपऱ्यातून तडा निघाला होता आणि वरून बारीक गोल ओरखडे.

"हे कशाने घासलंत?"

"टूथपेस्टने. नेटवर होतं तसं."

"आणि हा तडा?"

"पडली."

"तड्याला काय लावलंत, बाबा?"

ते समोरच्या फ्रेमांच्या रांगेकडे बघत राहिले. "तो दोन मिनिटांत चिकटणारा गोंद येतो ना, तो. थोडासा."

"थोडासा म्हणजे?"

"ट्यूब."

तो गोंद मला पुरता माहीत आहे. चष्म्याची दांडी तुटली की लोक घरच्या घरी तोच लावतात आणि दुसऱ्या दिवशी रडत येतात. त्या गोंदाची वाफ निघते, जवळच्या काचेवर बसते आणि पांढरी होऊन वाळते. काचेला आधी कुणाची बोटं लागली असतील तर तिथे ती जास्त धरते, बोटाच्या रेषा न्‌ रेषा उठून दिसतात. उघड्यावर ही गत, तर बंद डबीत काय होणार? बाबांनी हवा आत जाऊ नये म्हणून तडा बुजवला होता आणि सगळी वाफ आत कोंडली होती.

वरचे ओरखडे मी पॉलिशने घालवले. टूथपेस्टचे गोल गेले, प्लास्टिक बाहेरून चकचकीत झालं. आतला पांढरेपणा तसाच. बाबा मान पुढे काढून बघत होते.

"कुंकू दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"साय आतल्या बाजूने आहे, बाबा. बाहेरून नाही निघणार. डबी फोडावी लागेल."

"फोडायची नाय," ते म्हणाले. बाबा रागावले किंवा घाबरले की त्यांची बोली थेट गावाकडे जाते. "फोडताना हलली तर? कोरडं कुंकू हाय ते. झडलं तर काय करू मी?"

ते बरोबर होते. आणि मला आणखी एक भीती वाटत होती, ती मी बोलले नाही. डबी पडली होती. झडायचं ते तेव्हाच झडलं असेल तर?

पुढचे दिवस वाईट गेले. बाबा जेवायचे नाहीत असं नाही, पण अर्धी पोळी ताटात राहायची. दिवसभर डबी उजेडाकडे धरून फिरायचे. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी गच्चीत, संध्याकाळी दिव्याखाली, आणि दर वेळी मला बोलवायचे. "बघ, लाल दिसतंय ना?" मी बघायचे. कधी वाटायचं दिसतंय, कधी वाटायचं मलाच दिसावंसं वाटतंय. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर त्यांचा चेहरा बघवायचा नाही. "उजेड कमी आहे," एवढंच म्हणायचे. ऑक्टोबरच्या उन्हात उजेड कमी.

माझा नवरा नोकरीला पुण्यात असतो, शनिवारी येतो. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? होल्डर नवीन आणू ना." बाबा उठून वर गेले. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्याच रात्री तो देवघरासमोर बराच वेळ उभा होता, आईंचा कुंकवाचा करंडा हातात घेऊन. म्हणजे कळत त्यालाही होतं, पण त्याला ते बोलता येत नाही. हा गुण वडिलांचाच.

मग बाबांनी नाण्यांच्या प्रदर्शनाचा हट्ट धरला. तिथे होल्डर बदलून देणारे येतात, त्यांना विचारू. एका हॉलमध्ये टेबलं मांडलेली, मधून माणसांची खेचाखेच, आणि बाबा डबी छातीशी धरून चाललेले. एका टेबलावरच्या भल्या माणसाने ती घेतली, फिरवली, उलटी केली. बाबांच्या तोंडून नुसता श्वास निघाला.

"काका, ही गेली. आपण कापून काढू," तो म्हणाला. "आत डाग दिसतोय बघा, पूजेबिजेचा असणार. काही हरकत नाही, कापसाने पुसून एकदम क्लीन करून देतो. पाच मिनिटं बसा."

त्याने कापूस हातात घेतलासुद्धा. त्या माणसाची काही चूक नव्हती. नाण्यावरचं हळदकुंकू म्हणजे त्याच्या लेखी घाणच, आणि बाबांनीही आयुष्यभर तेच सांगितलं होतं. बाबांनी डबी त्याच्या हातातून अशी ओढली, की टेबलावरचे ट्रे हलले. लोक बघायला लागले. रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "त्याला डाग दिसला. म्हणजे हाय अजून." मग घर जवळ आल्यावर म्हणाले, "तू उघड. दुसऱ्या कुणाचा हात नको. पंखा बंद करून उघड."

धनत्रयोदशीच्या आधी एका दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. पंखा बंद. एसीही बंद. बाहेर फुलबाज्या विकणारे ओरडत होते. डबी उताणी ठेवून टेबलाला चिकटपट्टीने बसवली, म्हणजे हलायला नको. फ्रेम कापायची केसासारखी करवत घेतली आणि कड कापायला सुरुवात केली. बाबा समोर बसलेले, नाकातोंडावर रुमाल बांधून, आपल्या श्वासानेही काही उडू नये म्हणून. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यात येत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बाबांनी हात लांब करून स्वतःच्या धोतराच्या सोग्याने माझं कपाळ पुसलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी कधी मला स्पर्शही केला नव्हता.

तीन कडा सुटल्या. चौथ्या कडेला गोंदाचा गोळा होता, तिथे करवत अडायची. एकदा घसरली आणि नाण्याच्या अगदी काठाशी थांबली. बाबांनी डोळे मिटले. मी थांबले, हात झटकले, पुन्हा लावली. मग कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि झाकण सुटलं.

मी ते सरळ वर उचललं. खाचेच्या कडेला, नाण्याच्या खाली सरकलेली चिमूटभर लाल पूड होती. राणीचं कपाळ मोकळं होतं.

"हाय का?" बाबांचे डोळे अजून मिटलेले होते.

मला खोटं बोलायचं होतं, अगदी मनापासून. करंड्यातलं कुंकू घेऊन ठिपका लावायला मला क्षण लागला नसता. पण ती रेघ मी कुठून आणणार होते?

"नाही, बाबा. झडलंय. डबी पडली तेव्हाच झडलं असणार."

त्यांनी मान हलवली. रुमाल सोडला, घडी घातली, खिशात ठेवला. पुन्हा काढला, पुन्हा घडी घातली. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी नाण्याकडे बघितलं. त्यावरही गोंदाची वाफ बसली होती. सगळीकडे पातळ, आणि राणीच्या कपाळापासून गालापर्यंत दाट. दाट आणि रेषारेषांची. मी दिवा जवळ ओढला. दुकानात रोज बघते ते मला तिथे ओळखायला इतका वेळ का लागला, कोण जाणे.

"बाबा, तुम्ही या नाण्याच्या चेहऱ्याला कधी हात लावलाय?"

"वेडी का काय? मी कधी चेहऱ्याला हात लावत नाय."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. हात थरथरत होता म्हणून मनगट मी धरलं. ते वाकले. पांढऱ्या बारीक रेषा, गोल गोल फिरत गेलेल्या, एका पेराएवढ्या. आणि त्यांच्या मधून आडवी गेलेली एक कोरी रेघ.

"विळी," बाबा म्हणाले.

ते तसेच वाकून राहिले. बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारली, "ताई, चष्मा झाला का?" पंचामृताचे, तुपाचे हात तसेच नाण्याला लावायच्या त्या. त्यावरून किती भांडणं झाली. त्याच तुपाने तो ठसा धरून ठेवला आणि बाबांच्या गोंदाने तो वर आणला. पांढरं पडलेलं झाकण मी टाकून द्यायला उचललं, तर बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि खाचेत सांडलेलं कुंकू त्यात नीट गोळा केलं. मला रडू येत होतं आणि मी रडले, गिऱ्हाईक बाहेर असताना.

लक्ष्मीपूजनाला बाबांनी नाणं नव्या होल्डरमध्ये ठेवलं, पण झाकण लावलं नाही. पाटावर तसंच उघडं ठेवलं. आंघोळ नको, एवढंच म्हणाले. माझा नवरा समया लावत होता. मी नैवेद्याच्या पुरणपोळीवर तूप वाढून तशीच घाईत आले, सवयीने अनामिका कुंकवात बुडवली आणि राणीकडे नेली. मग कपाळाशी थांबले.

"तिथं नको," बाबा म्हणाले. "तिथं तिचं बोट आहे. शेजारी लाव. गळ्याशी."

बोट खाली नेलं आणि लक्षात आलं. "बाबा, हात तुपाचा आहे. धुऊन येते."

बाबांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग पहिल्यांदाच, तोंड न फिरवता, नाण्याकडे.

"राहू दे," ते म्हणाले. "तसाच लाव."